एकच रस्ता, एकच वेळ, दोन सख्खे भाऊ, मग इन्सुलिन एकाचंच का सुधारलं? व्यायाम कुणाला किती लागू पडतो यात जीन्सचा हात किती?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी ५४, धाकटा भाऊ ४९. वडलांना शुगर होती, शेवटी शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली, ते आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर आमच्या दोघांच्याही रिपोर्टात काठावरची शुगर निघाली तेव्हा मीच धाकट्याच्या मागे लागलो की चल, उद्यापासून चालायचं. त्याचं आडत दुकान आहे, दिवसभर गादीवर बसून असतो. पहाटे पावणेसहाला निघायचं, प्रीतिसंगमावर जायचं, घाटावरून फेरी मारून परत, सगळं मिळून ५० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. चार महिने केलं, अगदी थंडीतपण.

आता आकडे. माझी उपाशीपोटीची शुगर ११० होती ती १०१ झाली, फास्टिंग इन्सुलिन १३.५ चं ९.१ झालं. धाकट्याची शुगर ११२ ची १०९ आणि इन्सुलिन १४.२ होतं ते उलट १४.८. तीन महिन्यांची शुगर ६.२ ची ६.१, म्हणजे तिथल्या तिथेच. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा, पण त्याचा चेहरा पडला.

त्यात पुतण्याने ऑनलाइन एक थुंकीचं किट मागवलेलं, जीन्सची तपासणी. धाकट्याची थुंकी पाठवली, तर रिपोर्टात लाल अक्षरात आलं की "व्यायामामुळे इन्सुलिनला होणारा फायदा: कमी". झालं! तेव्हापासून धाकट्याने चालणं बंद केलंय. म्हणतो, दादा तुला वडलांचं चांगलं तेवढं मिळालं, मला वाईट तेवढं, माझ्या रक्तातच नाही तर पाय कशाला झिजवू. मला त्या दिवसापासून एकट्याला घाटावर जायला नको वाटतं.

असं खरंच असतं का हो? व्यायाम काही लोकांना लागूच पडत नाही का? इथे जाणकार असतील तर कृपया सांगा.

गवतीचहा
काका, वाचून कसंतरी झालं. आमच्याकडे सासूबाई आणि त्यांची बहीण असंच आहे, एकीची शुगर योगासनांनी उतरते, दुसरीची हलत नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत, वाचनखूण साठवलीये.

टोरांटोकर
हे किटवाले इकडेपण घरोघर झालेत. माझ्या ऑफिसातल्या एकाला "तुम्ही स्प्रिंटर आहात" असं आलं, तो आयुष्यात बससाठीसुद्धा धावला नसेल. कृष्णाकाठ, त्या रिपोर्टवरून भावाने चालणं सोडू नये एवढं नक्की सांगा त्यांना.

पेशीपुराण
कृष्णाकाठ, मी मिरजेत फिजिओलॉजी शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हो असं आहे. व्यायामाचा परिणाम माणसागणिक खूप वेगळा येतो आणि तो घराण्याघराण्यात वेगळा येतो, हे चांगलं मोठं काम करून दाखवलंय. क्लॉड बूशार म्हणून कॅनडाचे शास्त्रज्ञ, त्यांनी १९९२ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना आणि क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठाला बरोबर घेऊन हेरिटेज फॅमिली स्टडी सुरू केला. आईवडील आणि त्यांची मोठी मुलं अशी अख्खी कुटुंबं घेतली, गोरी पण आणि काळी पण, सगळी बैठ्या सवयीची. २० आठवडे, आठवड्याला तीनदा, सगळ्यांना लॅबमधल्या सायकलवर बसवलं. सुरवात ३० मिनिटांनी हलक्या जोरावर आणि १४ व्या आठवड्यापर्यंत ५० मिनिटं चांगल्या जोरात. महत्त्वाचं म्हणजे सायकलचा जोर प्रत्येकाच्या हृदयाच्या ठोक्यांवरून मशीनच ठरवत होतं, त्यामुळे "याने कमी केला असेल हो" असं म्हणायला जागा नाही.

दमसास, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, सरासरी ४०० मिलिलिटरने वाढलं. पण कुणाचं जवळजवळ शून्य आणि कुणाचं लिटरभर! आणि हा फरक एका घरातल्या माणसांमध्ये जेवढा होता त्याच्या अडीचपट दोन घरांमध्ये होता. १९९९ मध्ये त्यांनी हिशोब मांडला की या फरकातला जास्तीत जास्त ४७ टक्के वाटा वारशाचा असू शकतो.

आता इन्सुलिन. त्याच लोकांपैकी सुमारे ६०० जणांची शिरेतून ग्लुकोज देऊन तपासणी झाली होती, त्याचा पेपर २००५ मध्ये आला. इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे तेवढंच काम करायला शरीराला किती कमी इन्सुलिन पुरतं, ती सरासरी १० टक्क्यांनी सुधारली, पण विखुरलेपणा प्रचंड. बऱ्याच जणांची चांगली सुधारली, काहींची अजिबात नाही, काहींची घटलेली दिसली. तेव्हा तुमचा धाकटा भाऊ एकटा नाहीये, असे लोक प्रत्येक अभ्यासात दिसतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, मला आधी एक विचारायचंय. दुसऱ्या वेळी रक्त दिलं त्याच्या आधी तुम्ही दोघं शेवटचं कधी चालला होतात?

मोजपट्टी
पेशीपुराण यांनी योग्य जागी बोट ठेवलंय. माझं काम आकड्यांचं आहे म्हणून त्यात एक भर घालतो.

आधी ४७ टक्के हा आकडा नीट समजून घ्या कारण त्याचा सर्रास चुकीचा अर्थ काढतात. "माझा ४७ टक्के फायदा जीन्स ठरवतात" असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. शेतातलं उदाहरण देतो, एकाच रानात, एकाच पाण्यावर दहा वाणांची ज्वारी पेरली तर उंचीतला जवळजवळ सगळा फरक वाणाचा दिसेल. तीच ज्वारी एक तुकडा काळ्या रानात, एक मुरमाड माळावर, एकाला पाणी एकाला नाही अशी पेरली तर वाणाचा वाटा झपकन कमी दिसेल. वाण तेच आहेत! म्हणजे वारशाची टक्केवारी ही त्या गटातल्या फरकाची असते, त्या परिस्थितीतली असते, एका ताटाला धरून त्याची उंची ४७ टक्के बियाण्याची असं म्हणताच येत नाही.

दुसरं म्हणजे फास्टिंग इन्सुलिन हे भलतंच हलतं माप आहे. झोप कमी झाली, आदल्या रात्री उशिरा जेवलात, सर्दीताप असेल, मनावर ताण असेल की बदलतं. एकाच माणसाचं व्यायाम न करता दोन वेगळ्या सकाळी काढलं तरी फरक येतो. मग आधी एकदा आणि नंतर एकदा मोजून "याला लागू पडलं, याला नाही" असं कसं ठरवणार? या विषयातल्या कितीतरी अभ्यासांवर हाच आक्षेप आहे, की व्यायाम न करणाऱ्यांचा गट बाजूला ठेवून त्यांचेही आकडे आपोआप किती वरखाली होतात ते बघितलंच नाही. तुमच्या भावाचं १४.२ ते १४.८ हे मी बदल म्हणून मोजणारच नाही. आणि खरं बोलायचं तर तुमच्या १३.५ ते ९.१ मध्येसुद्धा थोडा नशिबाचा भाग असू शकतो, राग मानू नका.

कृष्णाकाठ
राग कसला, उलट बरं वाटलं वाचून.

पेशीपुराण मॅडम, तुमच्या प्रश्नावर काल रात्री बसून आठवलं. मी रक्त दिलं त्याच्या आदल्या सकाळी चाललो होतो, नेहमीसारखा. धाकटा मात्र मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला लातूरला गेला होता, चार दिवस तिकडेच, परत आला आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देऊन मोकळा झाला. लग्नातलं जेवण, जागरण, गाडीचा प्रवास. याने एवढा फरक पडतो का?

पेशीपुराण
पडतो! मला हेच वाटत होतं.

आता जरा आतलं बघू. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं तेव्हा रक्तातली साखर सर्वात जास्त कोण ओढतं तर स्नायू, साधारण ८० टक्के वाटा त्यांचाच. स्नायूच्या पेशीत ग्लूट-फोर नावाचे वाहक असतात, एरवी आत डबीत बंद असल्यासारखे पडून असतात, इन्सुलिनने निरोप दिला की वर पेशीच्या भिंतीशी येतात आणि साखर आत घेतात. ज्याला आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो त्यात हा निरोप वाटेत अडतो. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हेच वाहक दुसऱ्या वाटेने, इन्सुलिनच्या निरोपाशिवाय, वर येतात. म्हणून चालताना साखर उतरते ती अगदी रेझिस्टन्स असलेल्या माणसाचीसुद्धा. आणि चालून झाल्यावर एक दोन दिवस, फार तर तीन दिवस, स्नायू इन्सुलिनचं ऐकायला जास्त तयार असतो, कारण त्याला संपलेला साठा भरायचा असतो. त्यानंतर हा परिणाम विरत जातो. चार महिने नियमित केल्याने वाहकांची संख्या वाढते, पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढतात, ते वेगळं, पण तुमच्या रिपोर्टातल्या फरकातला मोठा भाग हा "कालपरवा चाललो होतो" याचा असतो. म्हणजे तुमची परीक्षा अभ्यासाच्या दुसऱ्या दिवशी झाली आणि भावाची सुट्टीनंतर.

वडलांकडून आलेल्या वाईट वारशाबद्दल भावाला एक गोष्ट जरूर सांगा. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक छोटा पण फार सुंदर अभ्यास आला होता. मधुमेह्यांची मुलं, स्वतःला मधुमेह नाही पण इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, त्यांना सहा आठवडे जिना चढायच्या मशीनवर ४५ मिनिटांची सत्रं करायला लावली. साखर स्नायूत शिरण्याच्या ज्या पायरीवर या मुलांचं अडत होतं नेमकी तीच पायरी व्यायामाने सुधारली. वारसा होता, तरी दार उघडलं.

डोंगरवाट
मग त्या किटमध्ये नक्की काय बघतात? की सगळंच थोतांड? माझ्या बायकोने पण करून घेतलंय म्हणून विचारतोय.

पेशीपुराण
थोतांड म्हणणार नाही. जीन्स खरे आहेत, त्यांच्यावरचे अभ्यास खरे आहेत, पण त्यातून एका माणसाचं भविष्य सांगणं हे खोटं आहे.

पीपार-गॅमा नावाचा जीन घ्या. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी आपल्याकडे बऱ्याच पेशंटना चालू असते, ती याच जीनच्या प्रथिनावर काम करते. त्या प्रथिनात १२ व्या जागी काही लोकांना प्रोलिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलानिन असतं आणि अशांना मधुमेहाचा धोका थोडा कमी असतो. हेरिटेजच्याच लोकांमध्ये २०१० साली बघितलं तर अ‍ॅलानिनवाल्यांमध्ये व्यायामाने साखरेचं गणित जास्त सुधारलं होतं. छान आहे, पण हा एक जीन, परिणाम छोटा, आणि अ‍ॅलानिन नसलेल्यांना फायदा नाही असं त्यात कुठेही नाही.

टीसीएफ७एल२ हा मधुमेहातला सर्वात बलवान सामान्य जीन, २००६ मध्ये आइसलंडच्या टीमने शोधला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने पुण्याच्या पेशंटमध्येही तो तितकाच ठळक दाखवला. आता गंमत बघा, अमेरिकेच्या डायबिटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मधुमेह टाळण्याच्या अभ्यासात ज्यांच्याकडे याच्या दोन्ही धोक्याच्या प्रती होत्या त्यांना काहीच उपाय न केलेल्या गटात मधुमेह खूप जास्त झाला, पण ज्यांना चालायला आणि वजन उतरवायला लावलं त्या गटात हा धोका जवळजवळ सपाट झाला. तसंच लठ्ठपणाचा एफटीओ जीन, २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा हालचाल करणाऱ्यांमध्ये त्याचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी निघाला. वाईट जीनवाल्याने चालणं सोडावं असं सांगणारा एकही आकडा मला यात दिसत नाही, दिसतं ते बरोबर उलटं.

तरी एक मान्य करते, कमी प्रतिसाद देणारे स्नायू खरोखर असतात. जर्मनीत ट्युबिंगनला २०१६ मध्ये, आठ आठवडे व्यायाम करूनही ज्यांची इन्सुलिन संवेदनशीलता वाढली नाही त्यांच्या स्नायूचा तुकडा काढून बघितला, तर टीजीएफ-बीटा नावाचा संदेश जास्त जागा झालेला होता आणि त्याने ऊर्जेच्या भट्ट्या वाढवणारी यंत्रणा दाबून धरली होती. अभ्यास लहान होता, २० माणसांचा, पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा, कारण हे थुंकीतल्या जीनवरून कळणारं नाही, स्नायूत त्या वेळी काय चाललंय त्यावर आहे, आणि ते बदलू शकतं.

एकतारा
यात आपल्या मातीतली गोष्ट राहिली म्हणून लिहितो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबी. हे मोठेपणी बसून खाल्ल्याने होतं एवढंच नाही, पुण्याजवळच्या ६ गावांत त्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला तेव्हा आपली बाळं जन्मतःच इंग्लंडच्या बाळांपेक्षा ७०० ते ८०० ग्रॅमने हलकी, पण स्नायू कमी आणि त्वचेखालची चरबी मात्र टिकवून ठेवलेली अशी दिसली. म्हणजे आईच्या पोटात काय मिळालं हा पण वारसाच, आणि तो जीन्सच्या किटमध्ये येत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या भावाला चालण्याच्या जोडीला ताकदीचा व्यायाम हवा. साखर ओढणारं कोठारच लहान असेल तर आधी ते वाढवायला नको का? आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी रोज एकूण ६० मिनिटं हालचाल सांगितलीये ती उगीच नाही, त्यात १५ मिनिटं स्नायूंच्या ताकदीची धरलेली आहेत.

मोजपट्टी
एकतारांना +१. आणि "लागू पडत नाही" याबद्दल अजून एक. झ्युरिकमध्ये २०१७ साली ७८ तरुणांना पाच गटांत वाटलं, आठवड्याला १ ते ५ तास व्यायाम, सहा आठवडे. दमसास न वाढलेले लोक एकदोन तासवाल्या गटांत भरपूर होते, चार पाच तासवाल्यांत एकही नाही. मग न वाढलेल्यांना आठवड्याला दोन तास वाढवून पुन्हा सहा आठवडे दिले, तर सगळ्यांचा वाढला. हे दमसासाचं आहे, इन्सुलिनचं नाही, तेवढा फरक लक्षात ठेवा, पण "नॉन-रिस्पॉन्डर" हा शिक्का डोस बदलून बघितल्याशिवाय मारायचा नसतो हे त्यातून कळतं.

गवतीचहा
मला एक शंका आहे, वजन कमी झालं नाही तर फायदा होतो का? माझ्या सासूबाईंच्या बहिणीचं वजन हलतच नाही म्हणून त्यांनी पण सोडून दिलंय.

पेशीपुराण
होतो ताई. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा भारतातला अभ्यास आहे, २००६ मध्ये आला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक. काहीच उपाय न केलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, चालणं आणि आहार सांभाळणाऱ्यांत ३९.३ टक्क्यांना, आणि या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. मावशींना सांगा काट्याकडे बघू नका. फक्त आधीच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवताना डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि गोळ्या मनाने बंद तर अजिबात करू नका.

टोरांटोकर
धागा फार उत्तम चाललाय. कृष्णाकाठ, भाऊ काय म्हणाले?

कृष्णाकाठ
उशीर झाला, माफ करा, दहावीचे पेपर तपासायला होते.

मी सगळे प्रतिसाद प्रिंट काढून त्याच्या दुकानात नेऊन दिले. दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, दादा ते लातूरचं तू लक्षात ठेवलंस हे बरं केलंस. मग परत सुरू केलं. एकतारांचं ऐकून आता चालणं झालं की घाटाच्या पायऱ्या दोन वेळा चढउतार आणि घरी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर. दीड महिना झाला.

या वेळी मोजपट्टींच्या म्हणण्याप्रमाणे दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त दिलं, दोन्ही वेळा आदल्या दिवशी चालून, नीट झोपून. इन्सुलिन एकदा १२.४ आणि एकदा ११.६, शुगर १०७ आणि १०५. कमरेला पट्ट्याचं एक भोक आत गेलंय. माझ्याइतकं उतरलं नाही, हे त्यालाही दिसतंय, पण त्या लाल अक्षरांचा कागद त्याने फाडला नाही, फाईलमध्ये वडलांच्या जुन्या रिपोर्टांच्या मागे लावून ठेवलाय. आता म्हणतो मला पण तिथे लिहायचंय, खातं काढून दे.

कृष्णाकाठचा_धाकटा
नमस्कार. मीच तो. सगळ्यांचे आभार, विशेष करून पेशीपुराण मॅडम. दादाने माझे आकडे न विचारता टाकले होते त्याचा तेव्हा राग आला होता, आता नाही. माझा प्रश्न असा की पायऱ्या उतरताना उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, चढताना नाही. दुकानात दिवसभर मांडी घालून बसतो. पायऱ्या बंद कराव्यात का त्याऐवजी दुसरं काही चालेल? चालणं बंद करायचं नाहीये.

पेशीपुराण
स्वागत! चढा पण उतरताना कठडा धरून एकेक पायरी, आणि पंधरा दिवस नुसती खुर्चीवरची उठबस वाढवा, खुर्ची जरा उंच घ्या. दुकानात मांडी सोडून स्टूलवर बसता येईल का बघा, तासाला एकदा उठून पोत्यांपर्यंत फेरी मारा. गुडघा सुजत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सूज आहे का, ते लिहा.

कृष्णाकाठचा_धाकटा
सूज नाही. स्टूल आजच आणलं.